सफरचंदात अळ्या, सापळा मात्र रिकामाच

परडेवाली, कडोली (९ जून)

नमस्कार मंडळी. मी कडोलीची. तीस वर्षं प्राथमिक शाळेत पाढे शिकवले, आता घरी असते. घरामागच्या परड्यात सफरचंदाची चार झाडं आहेत. हसू नका. पाच वर्षांपूर्वी मुलानं एचआरएमएन-९९ ची पाच कलमं मागवली. बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर, तेव्हा सफरचंद येणारच, असा त्याचा हिशोब. ही जात हिमाचलात बिलासपूरच्या उष्ण पट्ट्यात निघालेली आणि तिला थंडी फार लागतच नाही, हे आम्हाला नंतर कळलं. एक कलम पहिल्याच पावसाळ्यात बुडाशी पाणी साचून मेलं. उरलेल्या चारांची पानं मी डिसेंबरात ओरबाडून काढते. फेब्रुवारीत फुलं येतात, जूनमध्ये फळ तयार होतं. यंदा ८६ फळं धरली होती. मोजल्याशिवाय राहवत नाही, सवय आहे.

आता दुखणं सांगते. मेच्या मध्यावर फळांवर टाचणी टोचल्यासारख्या खुणा दिसायला लागल्या. खुणेभोवती बारीक खळगा, कुठे चिकाचा वाळलेला थेंब. बाकी फळ एकदम देखणं. महिन्याच्या शेवटी वळीव झाला आणि गळ सुरू झाली. आजपर्यंत ३१ पडली. अंगठ्यानं दाबलं की खुणेची जागा मऊ लागते, चिरलं की आत तपकिरी वाटा आणि पांढऱ्या अळ्या. एका फळात १४ निघाल्या.

मी गप्प बसलेले नाही. आधी एका अमेरिकन बाईंचा व्हिडिओ बघितला. लाल चेंडूला चिकट लावून झाडाला टांगा, माशी फळ समजून त्यावर बसते, असं त्या सांगत होत्या. नातवाचे दोन चेंडू रंगवले, एरंडेल आणि ग्रीस माखून टांगले. चार दिवसांत एक गांधीलमाशी, पुष्कळ चिलटं आणि माझ्या पदराचा काठ, एवढं चिकटलं. मग बेळगावात औषधांच्या दुकानात जाऊन फळमाशीचा सापळा आणला. पिवळ्या झाकणाचा डबा, आत टांगायची वडी. १९ मेपासून टांगलाय. तीन आठवड्यांत तीन माश्या.

म्हणजे माझ्या परड्यात फळमाशी नाहीच ना? मग ही अळी कसली? सफरचंदाला कॉडलिंग मॉथ लागतो असं वाचलं, तो तर नव्हे? दुकानदार म्हणतो फवारा मारा. यजमान म्हणतात झाडं काढून कढीपत्ता लावू. कृपया लवकर सांगा, ते कुऱ्हाडीला धार लावून बसलेत.

खानापूर हापूस (९ जून)

अक्का, कुऱ्हाड लपवून ठेवा आधी. फळमाशीच हाय ती. माझी साठ झाडं हायत हापूसची, दर मेला हेच बघत आलोय. ह्या माशीपायी जपाननं आपला आंबा १९८६ पासून २००६ पर्यंत दारात घेतला नाही. २०१४ च्या मेमध्ये युरोपनंबी दार लावलं, ते २०१५ उजाडल्यावर उघडलं. आणि तुम्ही म्हणताय परड्यात माशी नाही!

गंमत अशी हाय, आंबा संपत आला की तिला पुढचं पिकणारं फळ लागतं. पेरूला अजून वेळ. मधल्या जागेत तुमचं सफरचंद बरोबर बसलंय. त्यात वळवानं माती भिजली, खालचे कोष फुटून माश्या वर आल्या.

खात्री करायची तर अळी ताटलीत ठेवा. पाय हायत का बघा, डोकं हाय का बघा. आणि जरा वेळ थांबा. मोठी झालेली अळी अंगाची कमान करून टुणकन उडी मारती. मारली की विषय संपला.

सापळ्याचं मात्र मलाबी कोडं पडलंय. वडी कसली हाय?

निपाणीवाला (१० जून)

एवढी भानगड कशाला? कडक औषध घ्या आणि आठवड्याला एक फवारा द्या. चार फवाऱ्यांत साफ. आम्ही दोडक्याला तेच करतो.

बागवाला, गोकाक (१० जून)

मावशी, मी अरभावीच्या बागायत महाविद्यालयात शिकलो, आता गोकाकच्या बाजूला पेरू आणि डाळिंबाच्या बागा बघतो. जरा लांबण लावणार आहे, माफ करा.

आधी निपाणीच्या दादांसाठी. ह्या किडीचं अंडं सालीखाली असतं, अळी गरात असते, कोष मातीत असतो. उघड्यावर फिरते ती फक्त माशी. म्हणजे चार अवस्थांपैकी तीन तुमच्या फवाऱ्याच्या हाताबाहेर. वर फळ काढणीला आलेलं आणि खाणार घरचंच पोर. अशा वेळी कडक औषध मारायला सांगू नका.

मावशींच्या चेंडूचं. ती अमेरिकन माशी वेगळी. तिकडे ती मुळात हॉथॉर्न नावाच्या जंगली झाडाच्या फळांवर वाढायची, गोऱ्या लोकांनी सफरचंद नेल्यावर त्यावर गेली. लाल चेंडू तिच्या सवयीवरून बेतलेला. ती आपल्या देशात नाही, त्यामुळे तुमच्या चेंडूला गांधीलमाशीच मिळणार होती. कॉडलिंग मॉथ म्हणजे पतंग, माशी नव्हे. तो आपल्याकडे लडाखात आहे. त्याच्या अळीला तपकिरी डोकं आणि पाय असतात, ती थेट बियांपर्यंत जाते आणि भोकाच्या तोंडाशी भुशासारखी विष्ठा टाकते. शिवाय फळात बहुधा एकच. तुम्ही १४ मोजल्या, तिथेच तो बाद झाला. मोजायची सवय कामाला आली बघा.

रात्री येऊन रस शोषणारे मोठे पतंगही फळाला भोक पाडतात, पण त्यात अळी मिळत नाही. आणि सडक्या फळाभोवती घोंगावणारी लाल डोळ्यांची चिलटं नंतर आलेली पाहुणी असतात, त्यांच्यावर राग काढू नका.

आपल्याकडच्या फळमाश्यांत झाडाच्या फळांना त्रास देणाऱ्या मुख्य म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस आणि बॅक्ट्रोसेरा झोनाटा. कुठली ते घरीच कळतं. काचेच्या बरणीत चार बोटं ओलसर वाळू घाला, त्यावर डंख लागलेली दोन फळं ठेवा, तोंडाला मलमलचं फडकं बांधा. अळ्या वाळूत उतरून कोष करतील, दहा-बारा दिवसांत माश्या निघतील. निघाल्या की लगेच बघू नका, रंग फिका असतो. साखरपाण्याचा बोळा ठेवून दोन दिवस जगवा. पाठ काळसर, तिच्या दोन बाजूंना पिवळ्या पट्ट्या, पोटावर इंग्रजी टी सारखी काळी खूण आणि पंखाच्या पुढच्या काठाला सलग बारीक काळी रेघ असेल, तर डॉर्सालिस. अंग तांबूस आणि पंखाच्या फक्त टोकाला ठिपका असेल, तर झोनाटा.

आता मुद्द्याचं. वडीच्या पाकिटावर वासाचं नाव काय लिहिलंय, मिथाईल युजेनॉल की क्यू-ल्यूर? दोन्ही वेगवेगळ्या माश्यांना ओढतात.

परडेवाली, कडोली (१० जून)

अळीनं उडी मारली. ताटलीतून थेट पोह्यांच्या डब्यावर. यजमानांनी स्वयंपाकघरात असले प्रयोग बंद करा म्हणून बजावलंय, म्हणून बरणी मी देवघराच्या खिडकीत ठेवली आहे.

पाकीट कपाटात सापडलं. मजकूर कानडीत आहे. मला कानडी वाचता येतं, पण अक्षर जुळवत. वर मोठ्या अक्षरांत 'हण्णिन नोण', म्हणजे फळमाशी, म्हणून मी निर्धास्त. खाली बारीक अक्षरांत क्यू-ल्यूर. आणि शेजारी सौतेकायीचं चित्र. काकडी! तीन आठवडे माझ्या सफरचंदावर काकडीचं चित्र टांगलेलं होतं आणि मी रोज त्याखालून फुलं काढायला जात होते.

निपाणीवाला (१० जून)

अहो बाई, ती तर आमची वडी! दोडका, कारलं, काकडी, भोपळा, ह्या वेलांच्या माशीची. मीबी वर्षाला पंधरा-वीस आणतो. तुम्ही पिवळं झाकण म्हटलं तेव्हाच माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. तुमच्या तीन माश्या शेजाऱ्याच्या कुणाच्या तरी मांडवावरच्या असणार. पंखावर ठळक काळे डाग होते का?

फवाऱ्याचं मागं घेतो.

परडेवाली, कडोली (१० जून)

होते! आणि मांडव आमच्याच जाऊबाईंचा, दोडक्याचा.

आता मिथाईल युजेनॉल आणते. पण एक भीती आहे. वास एवढा ओढणारा असेल, तर गावभरच्या माश्या माझ्याच परड्यात जमणार नाहीत का?

बागवाला, गोकाक (११ जून)

जमतील, पण नर. मिथाईल युजेनॉलला ह्या जातींचे नरच भुलतात. नराला डंख मारता येत नाही, अंडी घालणं हे मादीचं काम. नर संपले की माद्यांना जोडीदार मिळत नाही, हा त्यातला डाव. पण आधीच फळलेल्या माद्या सापळ्याकडे ढुंकून बघत नाहीत, त्या अंडी घालत राहतात. म्हणून सापळा टांगला आणि निवांत झालो, असं यंदाच्या फळांच्या बाबतीत होणार नाही, हे आधीच सांगतो.

तुमच्या चार झाडांना एक सापळा पुष्कळ. आंब्याच्या बागेत एकराला चारेक लावतात. सावलीत, डोक्याएवढ्या उंचीवर, पावसाचं पाणी आत जाणार नाही असा. क्यू-ल्यूरची वडी त्याच डब्यात ठेवू नका, ती जाऊबाईंच्या मांडवावर द्या. आणि टांगायच्या तारेला ग्रीस लावा. नाहीतर मुंग्या मेलेल्या माश्या ओढून नेतात आणि आपल्याला वाटतं सापळ्यात काही पडतच नाही.

खरं काम खाली आहे. पडलेलं फळ रोज सकाळी उचला, संध्याकाळवर ढकलू नका, कारण अळी फळातून निघून मातीत जायला वेळ लावत नाही. झाडावर मऊ लागतील तीही काढा. उचललेली फळं उकिरड्यावर किंवा गांडूळखताच्या खड्ड्यात गेली, तर तुम्ही माश्या पाळताय असं समजा. दोन फूट खोल पुरा, नाहीतर जाड काळ्या पिशवीत तोंड घट्ट बांधून आठ दिवस कडक उन्हात ठेवा. सध्याच्या आभाळात पुरणंच बरं. झाडाखालची माती वरवर दोन-तीन इंच उकरा, कोष तेवढ्यातच असतात. अंड्यापासून माशीपर्यंत ह्या हवेत तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे आज वेचलेलं फळ तुम्हाला जुलैच्या सुरुवातीला दिसेल, न आलेल्या माश्यांच्या रूपानं.

खानापूर हापूस (११ जून)

आमची आई तुळशीची पानं चुरडून नारळाच्या करवंटीत ठेवायची आंब्याखाली. तासाभरात करवंटीवर माश्या. आम्हाला वाटायचं आईच्या हाताला गुण हाय. पुढं कळलं, तुळशीतच ते मिथाईल युजेनॉल असतंय.

अक्का, मी एवढंच विचारूलालोय, तुमच्या परड्याला लागून आंबा हाय का कुणाचा?

परडेवाली, कडोली (११ जून)

आहे. रायवळ. जाऊबाईंचा. त्यावर आज काही लिहीत नाही.

परडेवाली, कडोली (२३ जून)

थोडं उशिरा लिहिते आहे, पण घडलंच तसं.

नवी वडी १२ तारखेला सकाळी दहाला टांगली. डब्याचं झाकण लावून हात पुसेपर्यंत पहिली माशी आली. अकरा वाजता १७. दुसऱ्या दिवशी डबा पालथा करून वर्तमानपत्रावर मोजल्या, २१४. तीन आठवड्यांत तीन, आणि एका दिवसात २१४. यजमान स्वतः येऊन बघून गेले आणि कुऱ्हाड गोठ्यात ठेवून आले.

पण भिंतीपलीकडून जाऊबाईंनीही बघितलं. थोरल्या आहेत, सत्तरीच्या. म्हणाल्या, "तुझ्या डबीनं सगळ्या पंचक्रोशीच्या माश्या बोलावून घेतल्यास बघ. आता माझ्या दोडक्याचं काय?" नर, मादी, डंख, सगळं सांगून झालं. पटलं नाही. त्यांच्या रायवळाखाली ह्या दिवसांत आंब्यांचा सडा पडलेला असतो. कुणी वेचत नाही, चार दिवसांनी पायाला चिकटतो तसा रस होतो. तो वेचा म्हणायची माझी हिंमत कुठून होणार? २००३ साली त्याच भिंतीच्या पाण्याच्या वाटेवरून आमचं सहा महिने बोलणं बंद होतं.

मग एक युक्ती केली. बरणी एकाऐवजी तीन केल्या. एकीत माझी सफरचंदं, दुसरीत त्यांच्या अंगणातले दोन पडके आंबे (मागून आणले, लोणच्याचा मसाला परत करायच्या निमित्तानं), तिसरीत त्यांचेच दोन वाकडे झालेले दोडके. सगळ्यांवर चिठ्ठ्या. काल तिन्ही बरण्या त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवल्या. सफरचंदातून ९ माश्या, आंब्यातून ३३, दोन्हीकडे तीच: काळसर पाठ, पिवळ्या पट्ट्या, पोटावर टी. दोडक्याची निराळी, तांबूस-पिवळी, पंखावर डाग. भिंग दिलं हातात. त्यांनी बराच वेळ बघितलं. "ही दोन्हीकडची एकच आहे की गं," एवढंच म्हणाल्या. मी दोडक्याची बरणी पुढे केली आणि जुनी क्यू-ल्यूरची वडी दिली. म्हटलं, ही तुमच्या माशीची.

आज सकाळी साडेसहाला बघते तर त्या बुट्टी घेऊन रायवळाखाली वाकलेल्या. मी कुदळ घेऊन गेले. मधल्या हद्दीत खड्डा काढलाय, तोही दोन फूट, पट्टीनं मोजून.

फळांचा हिशोब: ८६ पैकी गळून आणि काढून टाकलेली ५४. झाडावर ३२. त्यांतली २० मी जुन्या मलमलच्या ओढण्यांच्या पिशव्या शिवून बांधली आहेत. उशीर झालाय, कळतं मला, पण हात शिवशिवत होते.

बागवाला, गोकाक (२३ जून)

मावशी, तीन बरण्यांचा हा प्रयोग आमच्या वर्गातही कुणी इतका नीट केला नव्हता. पिशवी बांधताना आत आधीच डंख लागलेलं फळ नाही ना, तेवढं बघा. आणि कापड फळाला चिकटून राहू देऊ नका, माशी कापडावरूनच अंडनळी आत खुपसते. पिशवी ढिली हवी.

खानापूर हापूस (२४ जून)

त्या ३३ माश्या बरणीतनं बाहेर सोडला नाहीसा ना अक्का?

परडेवाली, कडोली (२४ जून)

गरम पाण्यात गेल्या. जाऊबाईंच्याच हातून.

परडेवाली, कडोली (६ जुलै)

शेवटचं लिहिते. पाऊस धरलाय, झाडं उतरवली. पिशवीतल्या २० पैकी १५ फळं चांगली निघाली. तीन आधीच डंखलेली होती, दोन पिशवी ओली होऊन कुजली. उघड्या १२ पैकी चारच हाताला लागली. रंग पिवळट, एका गालावर लाली, चव आंबटगोड, थोडी रवाळ. बाजारात मिळतं तसं कडकडीत नाही. नातवाला आवडलं.

सापळ्यात आता दिवसाला आठ-दहाच पडतात. पावसानं की वेचण्यानं, ते पुढच्या वर्षी कळेल.

जाऊबाईंना चार फळं नेऊन दिली. त्यांनी विळी घ्यायच्या आधी एकेक फळ दाराशी उजेडात धरलं आणि फिरवून फिरवून टाचणीची खूण हुडकली. मग चिरलं.

पुढच्या वर्षीसाठी एकच प्रश्न. पिशव्या नक्की कधी बांधायच्या, आणि कसल्या?

बागवाला, गोकाक (६ जुलै)

फळ लिंबाएवढं झालं की. तुमच्याकडे म्हणजे साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा, आणि विरळणी झाल्यावरच. वर्तमानपत्राची पिशवी पहिल्याच वळवात फाटते. पेरूवाले न विणलेल्या कापडाच्या पांढऱ्या पिशव्या वापरतात, त्या बघा, तोंडाला दोरी असते आणि दोन हंगाम टिकतात. लाली हवी असेल तर काढणीच्या आठवडाभर आधी एखाद्या झाडाच्या काढून बघा. सापळा मात्र तेव्हा नको, फुलं झडली की लगेच टांगा.

खानापूर हापूस (६ जुलै)

आणि हिवाळ्यात झाडाखाली चार कोंबड्या सोडा. माती उकरून कोष वेचून खातात, मजुरी मागत नाहीत. पाहिजे असल्या तर सांगा, गावठी हायत माझ्याकडं.

परडेवाली, कडोली (६ जुलै)

कोंबड्यांचं जाऊबाईंना विचारून सांगते. मांडव त्यांचा आहे.